अभ्यासिकेचं वायफाय, लोखंडी कूलर आणि ॲडव्हान्स रेडिओ सेटिंग

आमच्या अमळनेरला अभ्यासिका भरपूर झाल्यात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट, सगळीच पोरंपोरी सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसलेली असतात आणि आता अभ्यास निम्मा पुस्तकातून तर निम्मा मोबाईलवरच्या लेक्चरमधून चालतो. त्यातल्याच एका अभ्यासिकेचं वायफाय मी नीट करून दिलं. माझं कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं काम आहे, त्यामुळे असल्या तक्रारी रोज येतात आणि दरवेळी समोरच्याचं एकच म्हणणं असतं की प्लॅन वाढवू का. हे सविस्तर लिहितोय कारण ॲक्सेस पॉइंटमधे, म्हणजे वायफाय हवेत सोडणाऱ्या डबीमधे, ॲडव्हान्स म्हणून जे पान असतं, जिथे चॅनल विड्थ, ट्रान्समिट पॉवर, बीकन, डीटीआयएम असली नावं दिसतात, त्या पानाला आपल्याकडे कोणी हातच लावत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी सगळं दुखणं तिथेच असतं.

जागा अशी आहे, खाली एक लांबलचक हॉल, जुन्या बांधकामाच्या जाड विटांच्या भिंती, वरती पत्र्याखाली दुसरा हॉल, मधे जिना. दोन ॲक्सेस पॉइंट, दोन्ही ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर चालणारे, वायफाय ५ पिढीवाले. फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. संध्याकाळी सात नंतर दोन्ही हॉल भरतात आणि तेव्हाच लेक्चर गोल गोल फिरायला लागतं. अभ्यासिकेचे मालक आम्ही सगळे आबाच म्हणतो त्यांना, आबांनी फोन केला तेव्हा ते वैतागलेलेच होते, "भाऊ, पैसा तं पुरा देस, मंग नेट काबरं चालत नही?" प्रश्न एकदम बरोबर होता त्यांचा.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे लॅपटॉपला केबल लावून राउटरवरून थेट स्पीड पाहिला, भर गर्दीच्या वेळी. १९० च्या पुढे आला. म्हणजे फायबर चोख होतं, कंपनीला फोन करून उपयोग नव्हता. मग तोच लॅपटॉप वायफायवर घेऊन नुसतं तिथल्याच राउटरला पिंग लावलं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं, बाहेरच्या कुठल्या साईटला नाही, तर कधी ५ मिलिसेकंद, कधी २००, कधी ४०० आणि मधेच उत्तरच नाही. राउटर चार पावलांवर आणि उत्तराला इतका वेळ, म्हणजे अडचण हवेत आहे. ही एवढी एक तपासणी कुणीही करू शकतं आणि ती केल्याशिवाय प्लॅनला पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेत अडचण म्हणजे काय ते आबांना सांगायला मी ग्रामसभेचं उदाहरण दिलं, सभेत माईक एकच, एका वेळी एकच जण बोलणार, बाकीच्यांनी थांबायचं. एका चॅनलवर, म्हणजे रेडिओ पट्ट्याच्या एका तुकड्यावर, वायफायचं अगदी तसंच चालतं. जो भराभर बोलून माईक सोडतो त्याचा त्रास नाही, जो एकेक शब्द ओढत बोलतो तो सगळ्यांचा वेळ खातो. त्यामुळे किती एमबीपीएस आहेत यापेक्षा हवेतला वेळ कोण किती खातंय हे बघायचं असतं. ॲक्सेस पॉइंटच्या पानावर चॅनल युटिलायझेशन, म्हणजे चॅनल किती वेळ भरलेला असतो ते, दिसत होतं, २.४ गिगाहर्ट्झवर संध्याकाळी ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे माईक जवळजवळ कधी रिकामाच नाही.

आता सेटिंग. एका वेळी एकच बदलायची आणि बदलून गर्दीच्या वेळेला परत बघायचं, हा नियम मी कडक पाळतो, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

सगळ्यात आधी कंट्री. दोन्ही ॲक्सेस पॉइंट दुसऱ्याच देशावर सेट होते, ते इंडिया केले. हे नुसतं नावाला नसतं, कुठले चॅनल मिळणार आणि किती पॉवर मिळणार ते त्यावर ठरतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली लायसनमुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली मोकळा झाला, त्यामुळे आज आपल्याला ५ गिगावर चांगली ऐसपैस जागा आहे, ती वापरायची.

मग २.४. मोबाईलवर वायफाय ॲनालायझर लावून पाहिलं तर आजूबाजूची दुकानं, क्लासेस, घरं मिळून नेटवर्कची नुसती रांग. आणि आपल्या दोन्ही ॲक्सेस पॉइंटची विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, ४० मेगाहर्ट्झ. आता २.४ चा अख्खा पट्टाच मुळात ८३.५ मेगाहर्ट्झचा, त्यात एकट्याने ४० घेऊन बसायचं म्हणजे निम्मा रस्ता अडवला. चॅनल ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि एक चॅनल जागा खातो २०-२२ ची, म्हणून १, ६ आणि ११ एवढेच तीन एकमेकांच्या अंगावर न येता बसतात. काही जण हुशारी करून ३ किंवा ९ वर टाकतात की तिथे कोणी नाही म्हणून, पण त्याने जास्त नुकसान होतं, कारण एकाच चॅनलवरचे दोघं एकमेकांचं ऐकून थांबतात तरी, अर्धवट अंगावर आलेल्याचं बोलणं कळत नाही, तो नुसता गोंगाट होतो. खालचा ११ वर, वरचा १ वर, दोन्ही २० मेगाहर्ट्झ. ऑटो चॅनल बंद केला. ऑटो वाईट नसतो, पण आपल्याकडे लाईट जाते आणि आली की गल्लीतले सगळे राउटर एकदम उठतात, त्या घडीला हवेत शांतता असते, आणि त्या शांततेत ऑटोने जो चॅनल पकडला तो बऱ्याचदा संध्याकाळी गर्दीचा निघतो.

५ गिगावर विड्थ ८० होती ती ४० केली. इथे मात्र अभ्यासिकेतल्या एका पोराने मला अडवलं, तो इंजिनिअरिंगचा, म्हणाला दादा माझ्या फोनला लिंक स्पीड ४३३ दिसत होता तो आता २०० दिसतोय, तुम्ही स्पीड निम्मा केला. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, एक अँटेनावाल्या वायफाय ५ फोनला ८० वर ४३३ आणि ४० वर २०० असाच आकडा दिसतो. पण लेक्चरला लागतात दोन-तीन एमबीपीएस. आणि विड्थ दुप्पट केली की त्याच्याबरोबर गोळा होणारा गोंगाटही दुप्पट होतो, म्हणजे ३ डीबी, लांब बसलेल्या पोरीच्या फोनला तेवढ्याने सुद्धा सिग्नल आणि गोंगाट वेगळे करणं जड जातं. ४० केल्यावर खालच्याला ३६ दिला, वरच्याला १४९, दोघांची भेटच नाही. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी हॉल भरल्यावर स्पीड टेस्ट न करता तुझं लेक्चर लाव आणि मग सांग. तो रात्री येऊन स्वतःच पिंग दाखवून गेला, दहा मिलिसेकंदांच्या आत.

५२ ते १४४ मधले जे चॅनल आहेत ते डीएफएसचे, तिथे हवामानाचे आणि इतर रडार त्याच पट्ट्यात चालतात, म्हणून ॲक्सेस पॉइंटला आधी किमान ६० सेकंद कान लावून बसावं लागतं आणि मधेच रडार ऐकू आलं की चॅनल सोडून जायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. मोठ्या शहरात दाटी असेल तर ते चॅनल घ्यावेच लागतात. आमच्याकडे ३६ आणि १४९ दोन्ही मोकळे मिळाले, वर लाईट गेल्या-आल्यावर तो मिनिटभराचा थांबा कशाला, म्हणून डीएफएस घेतले नाहीत.

पॉवर हा सगळ्यात गैरसमजाचा विषय. दोन्ही रेडिओ हाय वर होते आणि आबांना वाटत होतं हाय म्हणजे चांगलं. ॲक्सेस पॉइंट जोरात ओरडतो म्हणून फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचा आवाज बारीक असतो, बॅटरीवर चालणारी एवढीशी वस्तू ती, तिचं बोलणं ॲक्सेस पॉइंटपर्यंत नीट पोचत नाही, मग तेच तेच परत पाठवणं सुरू होतं आणि हवेतला वेळ जातो. दुसरं असं की वरच्या हॉलमधे जाऊन बसलेला फोन खालच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, कारण त्याला खालचं अजून ऐकू येतंय. डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप, त्याचा हिशोब सोपा आहे, ३ कमी केले की ताकद निम्मी. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, १७ म्हणजे ५०. मी ५ गिगा १७ वर ठेवला आणि २.४ थेट ११ वर आणला, म्हणजे साधारण साडेबारा मिलिवॅट. २.४ भिंतीतून जास्त लांब जातो, म्हणून तो ५ पेक्षा ५-६ डीबीने कमी ठेवला की चांगले फोन आपोआप ५ गिगावर सरकतात आणि २.४ वर फक्त ज्या स्वस्त फोनमधे ५ गिगा नाहीच ते उरतात. अशा फोनवाली पोरं आपल्याकडे बरीच आहेत, खेड्यावरून एसटीने येणारी, घरच्यांनी कापूस विकून घेऊन दिलेला फोन, त्यांना २.४ बंद करून चालणारच नाही. म्हणून तो बँड जितका स्वच्छ ठेवता येईल तितका ठेवायचा, ही माझी पहिल्यापासूनची धडपड होती.

त्यासाठी सगळ्यात कामाची सेटिंग निघाली मिनिमम डेटा रेट. हिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो. ॲक्सेस पॉइंट दर सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन सोडतो, मी इथे आहे म्हणून, बीकन इंटरव्हल १०० असतं म्हणजे १०२.४ मिलिसेकंद. आणि हा बीकन सगळ्यात हळू वेगाने जातो, २.४ वर ८०२.११बी नावाच्या जुन्या वायफायसाठी ठेवलेला १ एमबीपीएसचा वेग. साधारण ३०० बाइटचा बीकन धरला तर त्याला १ एमबीपीएसने अडीच मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नावाच्या नेटवर्कला अडीच टक्के हवा नुसत्या हजेरीत गेली. आणि इथे नावं होती चार, ऑफिस, विद्यार्थी, कॅमेरे आणि गेस्ट. म्हणजे एकाने सुद्धा काही बघितलं नाही तरी दहा टक्के वेळ संपला, आणि मोबाईलचे नेटवर्क शोधणारे निरोपही तसेच हळू चालणार ते वेगळंच. मी नावं दोन केली, कॅमेरे केबलवर घेतले, गेस्ट काढून टाकलं, आणि १, २, ५.५, ११ हे चारही जुने वेग बंद करून कमीत कमी १२ केला. लगेच ऑफिसमधलं हजेरीचं जुनं मशीन बाहेर पडलं, ते जिन्याखाली स्लॅबच्या आडोशाला आहे, त्याला १२ झेपेना. ६ वर आणलं की जोडलं गेलं आणि टिकलं. ६ वर सुद्धा तोच बीकन अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास जातो. युटिलायझेशनचा आकडा संध्याकाळी ८० वरून ४५-५० वर आला तो मुख्यतः वेग आणि नावांच्या ह्या बदलांनी, हे मी खात्रीने सांगतो कारण त्या दिवशी याशिवाय दुसरं काहीच बदललं नव्हतं.

बीकन इंटरव्हल मी १०० च ठेवलं, काही जण ३००-४०० करतात, पण मग फोनना दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायला वेळ लागतो. डीटीआयएम, म्हणजे झोपलेल्या फोनने किती बीकननंतर एकदा उठायचं तो आकडा, ५ गिगावर ३ केलं, झोपलेल्या फोनला दर बीकनला उठून बघावं लागत नाही, बॅटरी टिकते, आणि पोरांना चार्जिंगचे पॉइंट कमी पडतात हा तिथला रोजचा वाद आहेच. डब्ल्यूएमएम (व्हिडिओ, आवाज असल्या निरोपांना आधी वाट देणारी सोय) चालूच ठेवायचं, ते बंद केलं की वायफाय ४ आणि ५ चे वेग मिळतच नाहीत, ५४ वर येऊन थांबतं. आरटीएस थ्रेशोल्ड (केवढ्या मोठ्या निरोपाआधी 'बोलू का' विचारायचं ती मर्यादा) २३४७ असतं म्हणजे व्यवहारात बंद, ते ५०० करून पाहिलं, दोन टोकांच्या फोनना एकमेकांचं ऐकू येत नाही तेव्हा त्याने फायदा होतो, इथे काही फरक दिसला नाही म्हणून परत होतं तिथे ठेवलं. फ्रॅगमेंटेशनला, म्हणजे मोठा निरोप तुकडे करून पाठवण्याच्या सेटिंगला, हातच लावला नाही.

एवढं करूनही खालच्या हॉलच्या एका रांगेतून तक्रार येतच होती. एक मुलगी म्हणाली, दादा आठे रेंजच नही, आणि तिच्या टेबलवर मी फोन धरला तर सिग्नल खरंच मायनस ७८ डीबीएम (मायनसचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल बारीक), आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे मायनस ६०. मधे भिंत नाही, खांब नाही. मधे होता कूलर. आपल्याकडचा तो लोखंडी पत्र्याचा उभा कूलर, खाली पाण्याची टाकी, तिन्ही बाजूला भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या. रेडिओच्या दृष्टीने याच्यासारखा अडसर शोधून सापडणार नाही, लोखंड सिग्नल परतवून लावतं आणि पाणी तो शोषून घेतं, आणि ५ गिगाला तर दोन्हीचा जास्तच फटका. आबांना विचारलं तर तक्रारी नेमक्या होळीनंतर वाढल्या होत्या, म्हणजे कूलर बाहेर काढल्यापासून. खालचा ॲक्सेस पॉइंट ऑफिसच्या लोखंडी कपाटावर ठेवलेला होता, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तिथून निघालेला सिग्नल सरळ कूलरवर आपटत होता. तो छताला मध्यावर लावला, कूलरच्या वरून खाली सगळ्या टेबलांवर नजर जाईल असा. त्याच टेबलवर मायनस ६२. ही कुठल्याही पानावरची सेटिंग नाही, पण पॉवर वाढवून जे कधीच झालं नसतं ते केबल थोडी लांबवून झालं.

वरच्या हॉलचा प्रश्न वेगळा, तिथे ॲक्सेस पॉइंट पत्र्याला लागूनच होता. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या सुमारास आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि घरातल्या वापराच्या बहुतेक ॲक्सेस पॉइंटची मर्यादा कंपनीच ४० डिग्री लिहिते. दुपारी तो आपोआप रिस्टार्ट व्हायचा, लॉगमधे वेळा बघितल्या तर सगळ्या दोन ते पाचच्या मधल्या. भिंतीवर खाली आणला, खिडकीच्या वाऱ्याला. पॉवर कमी केल्याने तो थोडा थंडही राहत असावा, पण मुख्य गुण जागा बदलल्याचा.

शेवटी मिनिमम आरएसएसआय, म्हणजे फोनचा सिग्नल कमीत कमी किती हवा ती मर्यादा. ही सेटिंग सगळ्यात शेवटी का, तर आधी कव्हरेज नीट व्हायला पाहिजे, नाहीतर पोरं उगाच बाहेर फेकली जातात. फोनचा सिग्नल मायनस ७६ च्या खाली गेला की ॲक्सेस पॉइंट त्याला सोडून देतो आणि फोन दुसरा जवळचा पकडतो. खालून वर जाणारा फोन आता जिन्यातच बदलतो, वर बसून खालच्याला चिकटत नाही. मायनस ७० वर करून पाहिलं तेव्हा कोपऱ्यातले फोन सारखे तुटायला लागले म्हणून ७६ वरच कायम केलं. हा आकडा जागेप्रमाणे बदलणार, दुसऱ्याचा बघून टाकायचा नाही, आपल्या शेवटच्या खुर्चीवर फोन धरून मोजायचा.

प्लॅन २०० चाच आहे. आबा ३०० चा घेणार होते, ते पैसे त्यांनी दोन मोठ्या एक्स्टेंशन बोर्डात घातले. सेटिंगचा बॅकअप माझ्याकडे आणि एक आबांच्या पेनड्राइव्हमधे आहे, कारण कुणी रिसेटचं बटण दाबलं की सगळं परत ऑटो, २.४ वर ४० मेगाहर्ट्झ आणि हाय वर जातं, आणि ते बटण दाबायची हौस बऱ्याच जणांना असते. तुम्ही करणार असाल तर आधी जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, आणि पोरांच्या परीक्षेच्या आठवड्यात काही बदलू नका.

आता खालच्या हॉलच्या टोकाला आबा आणखी टेबलं टाकतायत, तिथे तिसरा ॲक्सेस पॉइंट लागेल. त्याला ५ गिगावर ४४ देणार, ४० मेगाहर्ट्झच, म्हणजे ३६ वाल्याशी भांडण नाही. त्याचा २.४ चा रेडिओ मात्र मी बंदच ठेवणार आहे, राहिलेल्या ६ नंबरवर आधीच अर्धी गल्ली बसलेली आहे आणि छतावरच्या ११ वाल्याचा २.४ त्या टोकापर्यंत मायनस ६८ ने पोचतो, तेवढा पुरतो.